घर्षण नाही असं समजा

प्रश्न दोन मार्कांचा होता. नववीची घटक चाचणी, पाठ पहिला, गतीचे नियम. ‘घर्षण नगण्य मानून, सपाट रुळावर उभ्या असलेल्या १२०० टन वस्तुमानाच्या आगगाडीला ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण देण्यासाठी इंजिनाने किती बल लावावे?’ वस्तुमान गुणिले त्वरण, उत्तर एक लाख वीस हजार न्यूटन, ओळीभराचं काम. एका मुलीनं लिहिलं, ‘घर्षण नसेल तर इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतील. गाडी हलणार नाही.’ बाईंनी शून्य दिलं. पेपर पालकांच्या सहीसाठी घरी गेला. परत आला तेव्हा सहीखाली चार शब्द जास्तीचे होते : ‘उत्तर बरोबर आहे. तपासावे.’

सही आजोबांची होती. आजोबा मध्य रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नोकरी बरीचशी इगतपुरीत गेली, आता मुक्काम नाशिकरोडला. बाईंनी त्यांना शाळेत बोलावलं. मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. तास मोकळा होता आणि भांडण चांगलं रंगणार अशी चिन्हं होती, म्हणून विज्ञानाच्या प्रयोगशाळेत जाऊन बसलो. आधीच सांगून टाकतो, मनातून मी आजोबांच्या बाजूचा होतो. ‘घर्षण नगण्य मानून’ या शब्दांनी माझंही शाळकरी वय नासवलेलं आहे.

बाई : आबा, मुलीचं उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नाही, एवढंच म्हणते. घर्षण नगण्य माना, असं स्पष्ट लिहिलंय.

आबा : मानलं. आता सांगा, इंजिन पुढे कसं जातं?

बाई : मोटार चाकं फिरवते.

आबा : चाक फिरलं म्हणून इंजिनानं पुढे का जावं? पहिल्या पावसात रुळावरची धूळ आणि तेल मिळून चिखलासारखा थर होतो. तेव्हा घाटात चाक गरागरा फिरतं, मीटरचा काटा वर चढतो आणि खिडकीबाहेरचा खांब जागचा हलत नाही. व्हील स्लिप म्हणतो आम्ही त्याला. मग चाकाच्या पुढ्यात वाळू सोडायची. इंजिनावर वाळूच्या पेट्या त्यासाठीच असतात.

बाई : बरोबर. चाक रुळाला मागे रेटतं, रूळ चाकाला तेवढ्याच जोरानं पुढे रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम.

आबा : आणि हे रेटणं कशाच्या जिवावर? घर्षणाच्या. तेच तुम्ही पहिल्या ओळीत काढून घेतलंत. इंजिनाचे पाय कापून मग विचारताय, किती जोरानं धावशील?

(मुलगी खाली मान घालून हसली. बाईही हसल्या, पण त्यांनी खडू उचलला होता.)

बाई : घर्षण इथे दोन जागी आहे. एक इंजिनाच्या चाकाखाली, जे गाडीला पुढे नेतं. दुसरं डब्यांच्या बेअरिंगमध्ये, चाकांच्या घरंगळण्यात, आणि त्याच्या जोडीला हवेचा विरोध. हे सगळं मागे खेचतं. प्रश्नात दुसरं सोडून द्यायचं होतं.

आबा : मग तसं लिहा. ‘डब्यांचा विरोध सोडून द्या.’ जास्त शाई लागत नाही.

बाई : मान्य. प्रश्न सैल आहे. एक मार्क देते. दुसरा देणार नाही, कारण आकडा काढलेला नाही.

इथे खरं तर सभा संपायला हवी होती. पण बाईंना राहवेना, आणि आबांना त्याहून राहवेना.

बाई : पण आबा, तुम्ही पेपरावर जे लिहिलंत त्यामागे वेगळंच काही आहे. तुम्हाला वाटतं, पुस्तकातलं जग खोटं आणि घाटातलं खरं.

आबा : घर्षण नसलेल्या जागी कुणी जाऊन आलंय का? हवा नाही, उतार नाही, रूळ कसा तर काचेसारखा. पोरांना असल्या गावची गणितं शिकवता. मी पस्तीसेक वर्षं गाड्या चालवल्या, असल्या स्टेशनात एकदाही थांबा मिळाला नाही.

बाई : मग मला एक सांगा. सपाटीवर, निफाडच्या पट्ट्यात समजा, गाडी ताशी शंभरच्या वेगात आहे आणि तुम्ही पॉवर काढली. ब्रेक लावला नाही. काय होतं?

आबा : काय व्हायचंय, पळत राहते. कोस्टिंग. विजेची बचत म्हणून तसं करायलाच सांगतात.

बाई : किती लांब?

आबा : सपाट असेल तर कित्येक किलोमीटर. वेग इतका हळू उतरतो की नवा असिस्टंट चक्रावून जातो. ब्रेक मारला तर मात्र किलोमीटरभरात उभी करता येते.

बाई : म्हणजे विरोध जितका कमी, तितकी ती लांब जाते. बैलगाडी लगेच थांबते, बसगाडी थोडी पुढे जाते, लोखंडावर लोखंड असलं की पुढचं स्टेशन गाठते. आता हीच ओळ मनात पुढे वाढवा. विरोध शून्य केला तर?

आबा : थांबणारच नाही.

बाई : हे तुम्ही म्हणालात, मी नाही. हाच पहिला नियम. त्या गावाला कुणी गेलेलं नाही, पण तिकडे जाणारा रस्ता तुमच्याच केबिनमधून दिसतो. दोन हजार वर्षं शहाण्या माणसांना वाटत होतं, ओढणं थांबलं की वस्तू थांबते. बैलगाडीकडे पाहून तसंच वाटणार. गॅलिलिओनं घर्षण मनातल्या मनात बाजूला काढलं, म्हणून थांबण्याचं कारण ‘ओढणं संपलं’ हे नसून ‘कुणीतरी अडवलं’ हे आहे, असं दिसलं. घर्षण नाही असं आपण म्हणत नाही, आबा. ते किती आहे हे नंतर मोजता यावं म्हणून आधी बाजूला ठेवतो.

माझा कल इथे पहिल्यांदा हलला. गॅलिलिओचं १६३२ सालचं पुस्तक तीन माणसांच्या वादाच्या रूपात आहे, आणि गतीवरचं १६३८ सालचं पुस्तकही तसंच. एक नवं सांगणारा, एक जुन्याला धरून बसलेला, एक मधला हुशार श्रोता. जुन्याला धरून बसलेल्याला गॅलिलिओनं जरा जास्तच भोळा केला आहे, असं माझं मत. आबा त्या जागेवर बसणारे नव्हते. त्यांनी बाईंच्या हातातला खडू मागून घेतला.

आबा : सपाटीचं झालं. आता घाटात या. कसारा ते इगतपुरी, चौदा-पंधरा किलोमीटर. रेल्वेनं हा थळ घाट १८६५ मध्ये ओलांडला. चढ सदतिसात एक. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर.

मुलगी : एवढाच? आबा, रस्त्याचा घाट याहून कितीतरी खडा असतो.

आबा : रस्त्यावर रबर आणि डांबर असतं, त्याची पकड वेगळी. लोखंडावर लोखंड घसरतं. कोरड्या स्वच्छ रुळावर इंजिनाच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी पकड मिळाली तर डोक्यावरून पाणी. ओल्या रुळावर त्याच्या निम्मीसुद्धा मिळायची मारामार. म्हणून तर डबे लांबवर पळतात आणि म्हणूनच इंजिन चढावर अडतं. गुण तोच, दोष तोच.

बाई : आकडे द्या.

आबा : २२ डब्यांची गाडी धरा ११०० टन. इंजिन १२३ टन. झाले १२२३. भागिले ३७.

मुलगी : तेहेतीस.

आबा : ३३ टनांचा जोर नुसता गाडी मागे घरंगळू नये म्हणून हवा. एक इंचही पुढे न जाता. सपाटीवर हीच गाडी हळू ओढायला चार-पाच टन पुरतात.

बाई : टन हे वस्तुमानाचं एकक आहे, आबा. बल न्यूटनमध्ये मोजतात. ३३ टनांचं वजन म्हणजे सव्वातीन लाख न्यूटनच्या आसपास.

आबा : आमच्या डायरीत टनच असतो. इंजिनाला न्यूटन कळत नाही, तुमच्या पोरांना टन कळत नाही. असू द्या. आता हे पाहा, या १२३ टनांच्या प्रवासी इंजिनाची जास्तीत जास्त ओढ आहे सुमारे ३३ टन.

बाई : म्हणजे बरोबरी. वर खेचणारं आणि खाली ओढणारं बल सारखं. असंतुलित बल शून्य, त्वरण शून्य.

आबा : शिवाय वळणांचा विरोध आहे, बेअरिंगचा आहे, उभ्या गाडीला हलवायचं आहे. एकटं इंजिन नुसतं तिथे कण्हत उभं राहील. म्हणून कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात.

कसाऱ्याचा तो थांबा नाशिककराच्या अंगात मुरलेला आहे. पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून धावते. तिच्यातून रोज मुंबईला जाऊन येणारे पासधारक झोपेतही ओळखतात की मागून हलका धक्का बसला, बँकर लागले, आता घाट. हे धक्के मीही खाल्ले आहेत, पण इंजिन मागून का लावतात असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो मुलीनं विचारला.

मुलगी : सगळी इंजिनं पुढेच का नाही जोडत?

आबा : पहिल्या डब्याच्या कपलिंगवर सगळ्या गाडीचा ताण येतो. पुढून चाळीस-पन्नास टनांनी हिसका दिलास तर ते तुटायचं. मागून ढकललं की ताण वाटला जातो. दुसरं म्हणजे, मध्येच कपलिंग तुटलं तर मागचे डबे कसाऱ्याकडे निघतील. पाठीला बँकर असले की ते अडतात. आमच्या आधीच्या पिढीत घाटात खेकडे होते. स्विस धाटणीची इंजिनं, वीस-तीसच्या दशकातली, मधे अंग आणि पुढेमागे नाकं. चालताना डुलायची, उभी असली तरी कण्हायची. म्हणून खेकडा.

बाई : आता मी तुमच्याच आकड्यांवरून एक गंमत दाखवते. दोन बँकर म्हणजे २४६ टन वजन वाढलं. ते वजनही घाट चढवायचं आहे. सदतिसानं भागा, साडेसहा टनांची ओढ जास्त लागणार. बदल्यात मिळतं काय? त्या २४६ टनांमुळे चाकं रुळावर दाबली जातात आणि साठ टनांच्या वर ओढ मिळते. गाडीला मागे खेचतं ते वजन, आणि चाकाला पकड देतं तेही वजन.

आबा : हे मी कधी असं मांडलं नव्हतं. पण हातानं माहीत होतं. हलकं इंजिन घाटात कामाचं नाही, कितीही ताकदीचं असो.

बाई : गुरुत्वाकर्षण नसतं तर घाट चढणं सोपं झालं असतं, असं मुलं हमखास लिहितात.

आबा : चढायचं कशाच्या आधारानं?

मुलगी : मग वंदे भारतला बँकर का लागत नाहीत?

हा प्रश्न सोन्यासारखा होता. मुंबई-शिर्डी वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली आणि ती कसारा घाट बँकरशिवाय चढते. बाईंनी आबांकडे पाहिलं, आबांनी बाईंकडे. उत्तर शेवटी दोघांनी अर्धं अर्धं दिलं.

आबा : तिला वेगळं इंजिनच नाही. मोटारी डब्यांखाली वाटलेल्या आहेत. निम्म्या चाकांना.

बाई : म्हणजे गाडीचं निम्मं वजन पकडीच्या कामाला लागलं. तुमच्या गाडीत १२२३ पैकी फक्त १२३ टन पकड देत होते, दहावा हिस्सा. बाकीचे ११०० टन निव्वळ ओझं. आता निम्म्या वजनावर अगदी वाईट पकड धरू, दहावा हिस्सा. निम्म्याचा दहावा म्हणजे एकूण वजनाचा विसावा. चढाला हवा सदतिसावा. ओल्या रुळावरही जमतं.

आबा : घाटाचं काही बदललं नाही. वजन कुठे बसवायचं ते बदललं.

थोडा वेळ सगळे वंदे भारतच्या कौतुकात रमले, ते मी गाळतो. मग आबांनी अपेक्षित वळण घेतलं.

आबा : एक सांगतो, बाई. न्यूटन, न्यूटन करता. याच लाइनीवर पुढे चाळीसगाव आहे. तिथून जवळ पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा, शिलालेख आहे तिथे. भास्कराचार्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी लिहून ठेवलंय की पृथ्वी ओढते. हे का नाही सांगत पोरांना?

बाई : सांगते की. सिद्धान्तशिरोमणी, सन ११५०, वय ३६. पृथ्वीत आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती पडल्यासारखी दिसते, असं त्यांनी म्हटलंय. त्याच्या पुढचा प्रश्न मला जास्त आवडतो. चारी बाजूंना आकाश सारखंच असताना पृथ्वीनं पडायचं तरी कुठे? पृथ्वी कशावर टेकली आहे, या शंकेला दिलेलं ते उत्तर आहे. पण आबा, किती ओढते?

आबा : म्हणजे?

बाई : तुम्ही मघाशी सदतिसानं भागलंत. भागायला आकडा लागतो. न्यूटननं १६८७ मध्ये आकडा काढायची रीत दिली. वस्तुमानांचा गुणाकार, अंतराच्या वर्गानं भागाकार. शिवाय फळाला ओढणारी आणि चंद्राला फिरवणारी गोष्ट एकच, हेही गणितानं दाखवलं. त्या रीतीनं मी तुम्हाला सांगू शकते की कसाऱ्याहून इगतपुरीला, सुमारे ३०० मीटर वर आल्यावर, तुमच्या गाडीचं वजन शंभरेक किलोनं कमी होतं. पृथ्वीच्या केंद्रापासून आपण जरा दूर आलो म्हणून.

मुलगी : एक जाडा प्रवासी उतरला!

आबा : तिकीट मात्र त्याचंही काढलेलं होतं.

बाई : वस्तुमान तेवढंच, वजन कमी. आणि हे तराजूत घालून कळणार नाही, कारण पारड्यातली वजनंही तेवढीच हलकी होतात. स्प्रिंगकाटा हवा.

आबांचा अभिमान मला खोटा वाटला नाही, आणि बाईंचा प्रश्नही उद्धट वाटला नाही. ओढते हे पाहणं ही एक झेप, किती ओढते हे सांगणं ही दुसरी. पहिलीला दुसरीचं श्रेय द्यायला गेलं की पहिलीचीही नीट ओळख राहत नाही. मुलीला मात्र या मानापमानात रस नव्हता.

मुलगी : बाई, जडत्व असतं हे कळलं. पण का असतं?

बाई : नववीच्या पुस्तकात नाही.

मुलगी : दहावीच्या?

बाई : दहावीत पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे, पण हे त्यातही नाही. वस्तूला जडत्व मिळतं ते विश्वातल्या बाकीच्या सगळ्या वस्तूंमुळे, अशी एक कल्पना आहे, माख नावाच्या शास्त्रज्ञाची. ती धरून फ्रेड हॉईल आणि आपले जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला. सगळ्यांनी तो स्वीकारला असं नाही. पण प्रश्न तुझाच होता.

मराठीचा मास्तर म्हणून मला इथे बोलावंच लागलं. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष हेच कोल्हापुरात जन्मलेले नारळीकर. प्रकृतीमुळे ते येऊ शकले नव्हते. जडत्वाचा उगम शोधणारा माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट मला आजही फार बरी वाटते. आबा म्हणाले, सर, तुमचं झालं असेल तर आता गाडी खाली उतरवू.

आबा : उतरताना माझा तुमच्या पुस्तकाशी मोठा वाद आहे. जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगानं पडते म्हणता ना?

बाई : हवेचा विरोध नसेल तर. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडून दाखवलं. दोन्ही एकदम टेकली.

आबा : चंद्रावर मध्य रेल्वे नाही. रिकामी वाघीण साडेबावीस टनांची, कोळशानं भरलेली ऐंशीची. दोन्हींच्या मालगाड्या मी घाटातून उतरवल्यात. रिकामी गाडी गाईसारखी येते. भरलेली अंगावर येते. ब्रेक धरता धरता घाम फुटतो. सारख्या कुठल्या!

बाई : ऐंशी टनांच्या वाघिणीला पृथ्वी साडेतीन पट जोरानं ओढते. पण तिला वेग द्यायलाही साडेतीन पट जोर लागतो. भागाकार तोच येतो. ब्रेकच लावला नाही तर दोन्ही जवळपास सारख्याच सुटतील. आता सांगा, ब्रेक दोन्हींचे सारखे असतात का?

आबा : ठोकळे तेच, हवेचा दाब तोच. म्हणून वाघिणीच्या बाजूला हँडल असतं, रिकामी आणि भरलेली असं. भरलेलीवर केलं की जोर वाढतो. पण साडेतीन पट वाढत नाही.

बाई : मग रिकाम्या गाडीलाही कायम भरलेलीचा जोर का नाही देत?

आबा : चाकं जाम होतील. वजन कमी, पकड कमी. चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं, एका जागी घासून चपटं होतं. मग सगळ्या रस्त्याला ठक ठक.

बाई : म्हणजे जड गाडी खाली येण्यात वेगळी नाही, थांबवण्यात वेगळी आहे. तुमचा घाम खरा, आबा. तो गुरुत्वाकर्षणानं फोडलेला नाही, ब्रेकनं फोडलेला आहे.

आबा : घाम पुसताना फरक कळत नाही.

हे आबांनी हार मान्य करणं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. बाईंनी ते तसंच सोडून दिलं आणि मुलीला फळ्याजवळ बोलावलं. १२०० टन, ३०० मीटर, ९.८. तिनं गुणाकार केला. साडेतीन अब्ज ज्यूल. बाई म्हणाल्या, ३६ लाखांनी भाग, विजेच्या बिलातली युनिटं येतील. आली ९८०.

आबा : हजार युनिटं? एका गाडीच्या एका चढात?

बाई : किमान. मोटारीतला आणि घर्षणातला खर्च वेगळा. आणि खाली येताना हीच हजार युनिटं कुठेतरी घालवायची आहेत. ताशी ५० किलोमीटरनं धावणाऱ्या याच गाडीच्या गतीत असतात जेमतेम बत्तीस. तीस पट जास्त ऊर्जा नुसत्या उंचीत भरलेली आहे.

आबा : म्हणून ठोकळ्यांचा धूर निघायचा. जळका वास खिडकीतून आत यायचा, प्रवासी घाबरायचे. आताची इंजिनं मोटारच उलटी चालवतात, जनरेटरसारखी. वीज परत वायरमध्ये जाते. एक गाडी उतरते, दुसरी चढते.

बाई : उतरणारीनं चढणारीचं थोडं बिल भरलं.

मुलगी : आणि ब्रेक लागलेच नाहीत तर?

प्रयोगशाळेत एकदम शांतता झाली. आबांनी चष्मा काढला.

आबा : तो विचार करून खाली सोडतच नाहीत. इगतपुरीला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी घाटात उतरत नाही.

बाई : गणितापुरतं काढू या. सगळी उंची वेगात बदलली, घर्षण...

आबा : नाही असं समजा!

मुलगी : सेकंदाला ७६.७ मीटर. म्हणजे ताशी २७६ किलोमीटर. बाई, यात गाडीचं वजन आलंच नाही.

बाई : दोन्ही बाजूंना होतं, गेलं.

आबा : वळणावर त्याच्या कितीतरी आधी रूळ सोडेल. म्हणून घाटात कॅच सायडिंग असतात. उताराच्या वाटेवर एक फाटा, डोंगराच्या अंगाला वर चढत जाणारा, शेवटी वाळू. काटा नेहमी तिकडेच लागलेला. उतरणाऱ्या गाडीनं आधी थांबून दाखवायचं, ताबा आहे म्हणून. मग मेन लाइनचा काटा मिळतो. नाही थांबली तर ती आपोआप चढावर जाते.

मुलगी : ताशी साठनं आली तर किती वर चढेल?

बाई : काढ.

मुलगी : ...चौदा मीटर. यातही वजन नाही. बाई, म्हणजे सायडिंगची उंची ठरवताना गाडी किती टनांची हे विचारायलाच नको?

बाई : वेग विचारायचा. आणि हे पाहा, ही सायडिंग म्हणजे गॅलिलिओचाच प्रयोग आहे. गोळा एका उतारावरून सोडला की समोरच्या चढावर जवळपास तेवढाच उंच जातो. समोरचा चढ कमी केला तर तेवढी उंची गाठायला जास्त लांब जातो. अजून कमी केला, अजून लांब. शेवटी चढ पूर्ण काढून सपाट केला, तर उंची कधी मिळणारच नाही, गोळा जातच राहील. पहिला नियम त्याला तिथे दिसला.

आबा : सपाट कॅच सायडिंग?

बाई : कल्पनेत.

आबा : असली सायडिंग आखणाऱ्याला मी घाटात पाय ठेवू देणार नाही. आणि बाई, त्या फाट्याच्या शेवटी वाळू टाकलेली असते, ती गॅलिलिओनं कुठे ठेवली?

बाई : ती पुढच्या चाचणीत विचारते. चौदा मीटर चढायच्या आधीच वाळूनं निम्मा वेग मारला, तर चढ किती कमी लागेल?

आबा : कुठली वाळू, ओली की कोरडी, तेवढं प्रश्नात लिहा.